आडवी फांदी

खरं सांगू का, ह्या पेजवरचे असले अनुभव मी आजवर हसायला वाचत आले. संध्याकाळी चहा घेताना नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे — पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई… आणि आम्ही दोघं हसून हसून बेजार व्हायचो. आज इथेच स्वतः लिहायला बसलेय. तेही त्याला न सांगता. तो आत दुपारचा झोपलाय.

मी महाडची. शाळेत गणित शिकवते. आमचं घर बौद्ध, वडील निवृत्त शिक्षक. लहानपणी आमच्याकडे 'भूत' हा शब्द फक्त शुद्धलेखनाच्या वहीत यायचा. रस्त्यात उतारा टाकलेला दिसला, लिंबू, कुंकू, भात वगैरे, की बाबा आम्हा भावंडांना मुद्दाम तो ओलांडून जायला लावायचे. दर मार्चला चवदार तळ्यावर माणसं येतात तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसायची, आम्ही पोरं पाणी वाटायला उभी असायचो. अशा घरातली मी. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही… पण मग जे झालं त्याला काय म्हणायचं तेही मला कळत नाही.

माझा नवरा सुधाकर, तोही शिक्षक. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीचा. आम्ही डी.एड.ला एका वर्गात होतो, त्यामुळे एकटे असलो की मी त्याला नावाने हाक मारते आणि चारचौघांत 'अहो'. दोन वर्षांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला, एक स्टेंट पडला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण चालणं म्हणजे ह्याच्या जिवावर येतं! "म्हाताऱ्यासारखं काय चालायचं," म्हणे. शेवटी पुण्याला असलेल्या आमच्या मुलाने दोन ग्रॅव्हल बाईक आणून दिल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं, पण टायर रुंद, म्हणजे डांबर सोडून मातीच्या, मुरमाच्या रस्त्यावर आरामात जाता येतं. डॉक्टर म्हणाले, चढ नको, दमायचं नाही, सपाट रस्ता असेल तर खुशाल चालवा.

आता महाड-पोलादपुरात सपाट रस्ता शोधायचा म्हणजे कठीणच. पण आम्हाला एक सापडला. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जायला लागलं की घाट सुरू व्हायच्या बऱ्याच आधी आत एक रस्ता जातो. त्या आतल्या अंगाला एक लहानसं धरण आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं साधी आहेत, उगाच कोणी कॅमेरे घेऊन जायला नको. आम्ही दोन्ही सायकली गाडीच्या मागे लावून धरणाच्या भिंतीपर्यंत न्यायचो, तिथे राहणाऱ्या, ओळखीच्या झालेल्या एका काकींच्या अंगणात गाडी लावायची आणि पुढे तलावाच्या कडेकडेने, कधी शेतातून कधी रानातून, सायकलवर. भात कापलेलं असतं, खाचरात वाल पेरलेला असतो, उजवीकडे पाणी दिसत राहतं. रस्ता म्हणजे लाल मातीची बैलगाडीची वाट, हलके चढ, हलके उतार. त्या रस्त्याने माझा नवरा मला परत दिला होता असं मी मैत्रिणींना सांगायचे. तो पुन्हा गायला लागला होता, अगदी बेसूर!

आमची एक पद्धत होती, ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सुधाकरला हळू चालवता येत नाही. कितीही ओरडा, तो पुढे निघून जाणार. मी मागे, माझ्या वेगाने. तिथे मोबाईलला रेंज नाही. आणि वाटेला फाटे फुटतात, कोणता लाकडं तोडणाऱ्यांचा, कोणता गुरांचा. मग त्याने त्याच्या वाडीची पद्धत सुरू केली. डोंगरात लाकडाला, करवंदाला माणसं निघाली की पुढे गेलेला माणूस प्रत्येक फाट्यावर चुकीच्या वाटेवर एक हिरवी फांदी आडवी टाकतो. मागून येणाऱ्याने समजायचं, इकडे यायचं नाही. आणि फांदीची मोडलेली बाजू ठेवायची खऱ्या वाटेकडे, म्हणजे वाऱ्याने पडलेली फांदी आणि माणसाने टाकलेली फांदी ह्यात घोटाळा होत नाही. हे त्याला त्याच्या आईने शिकवलेलं. पुण्याहून आलेल्या मुलाच्या मित्रांना फार गंमत वाटली होती, ते मोबाईलवर मॅप बघत होते आणि हा आपला डहाळ्या टाकत पुढे. पण त्या मॅपने त्यांना एकदा करवंदीच्या जाळीत नेऊन सोडलं आणि सुधाकरच्या फांदीने मला कधीच नाही. मी फाट्यावर थांबायचेसुद्धा नाही. फांदी दिसली की हँडल दुसरीकडे.

दुसरी पद्धत, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या माझ्याकडे. आधी त्याच्या खिशात असायच्या, पण त्याने त्या पँटसकट धुवायला टाकल्या. तेव्हापासून त्या माझ्या हँडलला लावलेल्या छोट्या बॅगेत. बॅगेची चेन घट्ट आहे, दोन्ही हात लावल्याशिवाय उघडत नाही.

तर, मागच्या जानेवारीतला रविवार. सकाळची वेळ, ऊन चांगलं वर आलेलं. काकींनी बिनदुधाचा चहा दिला. "आज उशीर केलाव," त्या म्हणाल्या. सुधाकर म्हणाला, "ही बाय उठंल तवा ना!" आईच्या वयाच्या बायांशी बोलताना तो लगेच वाडीच्या भाषेवर येतो. मी म्हटलं, "अहो, डबा कोणी भरला?" असं हसतखेळत निघालो. तो नेहमीप्रमाणे दोन वळणांत दिसेनासा झाला.

पहिला फाटा, फांदी. दुसरा फाटा, फांदी. जांभळीच्या होत्या दोन्ही, मोडलेली बाजू बरोबर. तिसऱ्या फाट्यावर आमची नेहमीची वाट डावीकडे रानातून जाते आणि उजवीकडची खाली पाण्याकडे उतरते. त्या दिवशी फांदी डावीकडच्या वाटेवर होती. जांभळीचीच. मोडलेली बाजू उजवीकडे. मला वाटलं, रानात झाड वगैरे पडलं असेल, म्हणून ह्याने आज पाण्याकडून वाट काढली. मी उजवीकडे वळले. क्षणभरही विचार केला नाही.

ती वाट छान होती हो. सागाच्या पाचोळ्यातून हळूहळू उतरत जाणारी, दोन्ही बाजूंना जुने गडगे, रचलेल्या दगडांची कुंपणं. पूर्वी तिथे वस्ती असावी. आणि मग वाट सरळ पाण्यात गेली. म्हणजे वळली नाही, संपली नाही. दोन्ही गडग्यांसकट तशीच पाण्यात उतरली. धरण झालं तेव्हा खाली गेलेल्या आळीची ती जुनी वाट, हे मला नंतर कळलं. मी ब्रेक लावला. हाक मारली. "सुधाकर!" पलीकडे कुठेतरी वानर हुपहुपलं. मग माझं खाली लक्ष गेलं. पाण्याजवळची माती ओली होती आणि तिच्यावर फक्त माझ्या टायरचे वळ होते. एकाच सायकलचे.

तो इकडे आलाच नव्हता.

मला तेव्हा भुताची भीती नाही वाटली. साधी, नवऱ्याची भीती वाटली. गोळ्या माझ्याकडे आणि तो दुसरीकडे, एवढंच डोक्यात. सायकल वळवली आणि चढ असल्यामुळे ढकलत, धापा टाकत वर आले. फाट्यावर पोचले तर फांदी जागेवर नव्हती. ती आता मी आले त्या पाण्याच्या वाटेवर आडवी होती. मोडलेली बाजू डावीकडे, रानाकडे. तीच फांदी. तिचं शेंड्याचं एक पान अर्धं खाल्लेलं होतं, ते जाताना माझ्या नजरेत राहिलं होतं. आजूबाजूला माणूस नाही, जनावर नाही. मी "कोण आहे?" म्हणून ओरडलेसुद्धा. मग विचार करायला वेळ नव्हता, डावीकडे घातली सायकल.

फार लांब नव्हता तो. वळणापलीकडेच. एका मोठ्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता, पाय पसरून. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. पण डोळे उघडे, आणि चेहरा… कसं सांगू, शांत. त्याची सायकल शेजारच्या झाडाला नीट टेकवून ठेवलेली, चेनची बाजू बाहेर. सुधाकरने आयुष्यात कधी सायकल टेकवून ठेवलेली नाही. तो ती आडवी टाकतो आणि मी ओरडत उचलते, चेनला माती लागते म्हणून.

मी पळत जाऊन त्याच्यापाशी बसले. "काय झालं? छातीत दुखतंय? थांब, गोळी काढते…"

तो म्हणाला, "अजून एक? आत्ता तर दिलीस."

"मी आत्ता येतेय सुधाकर!"

"हो गो. गोळी दिलीस, पाणी पाजलंस, सायकल उचललीस… मग कुठं गेलीस मधेच?" आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाला, "उतरलंय आता. घाबरू नको."

मला वाटलं, हा भ्रमात बोलतोय. मी बॅगेची चेन दोन्ही हातांनी ओढून उघडली. गोळ्यांची पट्टी आत होती. नवीन पट्टी, त्याच आठवड्यात मेडिकलमधून आणून मीच ठेवलेली. तिच्यातली एक जागा फोडलेली होती. मागची चंदेरी फॉइल आत दबलेली, गोळी नाही.

मी त्याला दुसरी गोळी दिली नाही. का दिली नाही, हे मी डॉक्टरांना कधी सांगू शकले नाही. मी त्याचं म्हणणं खरं धरलं, म्हणून दिली नाही.

पण सगळ्यात वाईट पुढचं. रेंज नाही, म्हणजे मदत आणायला मला त्याला सोडून जाणं भाग होतं. एकटं. आणि मला वाटलं, मी गेले की पुन्हा कोणी आलं तर? माझ्यासारखं दिसणारं? मला रडू फुटलं. तोच उलट म्हणाला, "जा तू. मघाशी आलीस तशी ये लगेच." मी कशी सायकल चालवली मला आठवत नाही. काकींच्या मुलाने पिकअप काढला, मागे गोधड्या टाकल्या, आम्ही वाटेच्या जमेल तितकं आतपर्यंत नेला आणि त्याला उचलून आणलं. तो तसाच बसला होता. एकटाच.

आधी महाडला, तिथून मुंबईला. छोटा अटॅक होता, दुसरीकडे ब्लॉक निघाला. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, गोळी वेळेवर दिलीत, फार बरं केलंत." सुधाकर भेटायला येईल त्याला सांगत होता, "ही होती म्हणून मी आहे." सासूबाईंनी, ज्यांना कधीतरी कानावर पडलेलं माझं त्याला नावाने हाक मारणं अजून पचलेलं नाही, त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. बाबा वॉर्डभर सांगत सुटले, "माझी पोरगी. डोकं शांत ठेवते." आणि मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

तो जरा सावरल्यावर मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिसऱ्या फाट्यावर रानाच्या वाटेवर फांदी का टाकलीस?" तो म्हणाला, "तिथं कुठे टाकली? तिथंच तर कळ आली छातीत. कसाबसा पुढे गेलो आणि सायकल टाकून बसलो. डोळे मिटले. उघडले तर तू समोर."

बाबांना मात्र मी सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी एखाद्या मुलाचं चुकलेलं उदाहरण तपासावं तसं ऐकलं. मग म्हणाले, फांदी लाकूडतोड्यांनी टाकली आणि त्यांनीच हलवली. मेडिकलवाल्याने फोडलेली पट्टी दिली, तू बघितली नाहीस. आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की माणसाला आपलं माणूस दिसतं, त्यात नवल काय? कळ ओसरायची तशी ओसरली. सगळ्याला उत्तर होतं. मला खरंच बरं वाटलं. दोन दिवस.

काकींकडेही गेले. त्यांना विचारलं, तिथे लाकडाला कोण जातं? "त्या अंगाला आता कोन जातोय गो? गॅस आलाय घरात," त्या म्हणाल्या. मग मी लाज सोडून विचारलं, तिथे एखादी बाई वगैरे… कधी काही झालं होतं का? "नाय गो बाय. तसली काय गोष्ट नाय आमच्याकडं. आळी उठली ती सगली मानसं धड उठली, कोन मेला नाय की बुडला नाय." मला तर उलट एखादी गोष्ट असती तर बरं वाटलं असतं. बुडालेली सून, वाट बघणारी म्हातारी, काहीही. नाव तरी देता आलं असतं.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंही नसतं. विसरायला शिकले असते.

मुंबईला दुसरा स्टेंट टाकायला त्याला आत नेत होते तेव्हाची गोष्ट. स्ट्रेचर दारापाशी थांबलं. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "सुजाता, त्या दिवशी झाडाखाली जे म्हणालीस ना, ते एकदा म्हण. मग मी जातो आत."

मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"तू ते म्हणालीस म्हणून मी थांबलो," तो म्हणाला. "नाहीतर मी निघालोच होतो."

वॉर्डबॉय खोळंबला होता. मी वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "लवकर ये, मी इथेच आहे." मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने ऐकलं, थोडा हसला आणि मान हलवली. "हे नव्हे गो. ते." तेवढ्यात स्ट्रेचर आत गेलं.

तुम्ही म्हणाल, त्यालाच विचार ना. विचारलं मी, लाडात येऊन विचारलं, "तूच सांग बघू, काय म्हणाले होते मी?" तर म्हणाला, "ते मी म्हणून काय उपयोग? ते तुझ्याच तोंडून." सरळ सांगून टाकायचं म्हणाल, की ती मी नव्हते. पण तेव्हापासून तो ज्या भरवशावर उभा आहे तो तेवढाच आहे हो. रात्री कुशीवर वळताना माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि लगेच झोपतो. आधी झोप यायची नाही त्याला. तो हात मी कसा बाजूला करू?

आणि खरं सांगायचं तर मला राग येतो. तिचा. ती कोण, कसली, आहे तरी का, माहीत नाही, तरी येतो. एवढी वर्षं संसार मी केला. ह्याची पथ्यं, ह्याची आजारपणं, ह्याचे बेसूर सूर, सगळं मी केलं. मग मरायला निघालेला माणूस थांबेल असं एक वाक्य माझ्याकडे का नाही? तिच्याकडे कसं होतं? आणि ते म्हणायला तिने मला पाण्याकडे का पाठवलं? मी तिथे असते तर तो थांबला नसता का? ह्या प्रश्नापाशी मी अडकते. उलट तिचे आभार मानायला हवेत, हेही कळतं. दोन्ही एकदम वाटतं.

गेल्या महिन्यात मी एकटीच त्या फाट्यावर जाऊन आले. भर दुपारी. बाबांना कळलं तर काय म्हणतील, असं मनात म्हणत. सायकल टेकवली, इकडेतिकडे बघून घेतलं आणि मोठ्याने विचारलं, "काय म्हणालात तुम्ही त्याला?" अहोजाहो कशी काय तोंडात आली कोण जाणे. वाटेवर कुठलीही फांदी नव्हती, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. मी सायकल वळवली आणि परत आले.

आता डॉक्टर बायपास करायची म्हणतात. पुढच्या महिन्यात. सुधाकर मजेत आहे, भेटायला येणाऱ्यांनाच धीर देतो. काल जेवताना सहज म्हणाला, "ह्यावेळी आत जायच्या आधी तरी म्हणशील ना?" मी हो म्हणाले.

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल असंही वाटत नाही. कोण होतं, का होतं, ते नाही कळलं तरी चालेल मला. मी फक्त रोज भांडी घासताना, पेपर तपासताना एकेक वाक्य मनात म्हणून बघते. हे असेल का? हे? आणि मग त्याच्याकडे बघते. तो वर बघून हसतो, काही हवंय का विचारतो, आणि मी नाही म्हणते.